मायच्या बांधावरचे तीन दगड

हुरड्याचा वास आला की मला आधी भूक लागत नाही, संशय येतो. पौषातली थंडी, पेटलेल्या गोवऱ्या, आगटीत खुपसलेली कणसं, हे सगळं नाकात शिरलं की इतरांना बालपण आठवतं म्हणे. मी मात्र मागे वळून बघतो, कुणी उभं तर नाही ना. हल्ली केजच्या रस्त्याला हुरडा पार्टीचे फलक लागतात. त्यावर फेटेवाला म्हातारा हसत असतो आणि शहरातली माणसं गाडीतून उतरून चमच्याने हुरडा खातात. हुरडा चमच्याने खाणाऱ्या माणसाच्या मनात नक्की काय असेल, हे मला आजवर कळलेलं नाही.

संशय आमच्या घरात पिढीजात आहे. वडील दुकानातून आणलेली साखर घरी आल्यावर पुन्हा तोलून बघायचे. मायची रीत त्याहून पक्की. पाहुणा "सहज आलतो" म्हणाला की ती दोनदा चहा ठेवते. पहिल्या कपाला माणूस सहज असतो, दुसऱ्या कपाला कामाचं बोलतो, असा तिचा अनुभव. मी केजच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. चाळीस मुलांनी एकच फुलदाणी काढली तर कुणी कुणाची बघून काढली, ते मी कागद उलटा धरून सांगू शकतो. तेव्हा हे दुखणं माझ्यापर्यंत पोचलेलंच आहे.

या वर्षीचा हुरडा नुकता भरात आला होता आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने फोनवर एक पान पाठवलं. ती आता पुण्यात चित्रकला शिकते. खाली तिने लिहिलं होतं, "सर, ह्या आजी तुमच्या गावच्या ना?" पान इंग्रजीत होतं. आयर्लंडच्या एका मोठ्या चित्रकर्तीचं निधन, तिच्या आयुष्यावर लांबलचक लेख, आणि मध्ये एक चित्र. ते चित्र माझ्या मायचं होतं.

त्या चित्रकर्तीला आमच्या गावात मोराबाई म्हणायचे. खरं नाव तसंच काहीतरी होतं. आडनाव कुणाला नीट म्हणता येईना, म्हणून ते कुणी म्हटलंच नाही.

सात-आठ वर्षं झाली त्याला. दिवाळीनंतर आमचं गाव निम्मं रिकामं होतं. तरणी माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, मागे म्हातारी माणसं, शेरडं आणि कुलपं राहतात. अशा गावात परका माणूस शिरला की कुत्र्यांच्या आधी म्हाताऱ्यांना कळतं. मोराबाई आली ती भिवाच्या मेंढरांबरोबर. भिवा धनगर दर वर्षी या दिवसांत आमच्या शिवारात कळप आणतो, पडीक रानात मेंढरं बसवतो, रानाला लेंड्यांचं खत मिळतं, महिनाभराने तो पुढे सरकतो. त्या वर्षी त्याच्या घोड्यामागून एक सत्तरीची उंच गोरी बाई चालत आली. डोक्याला लोकरीचा टोप, अंगात पुरुषी कोट आणि खांद्यावर एक लाकडी तिपाई. भिवाला विचारलं तर तो म्हणाला, "मला काय मालूम? लिंबागणेशला देवळापाशी भेटली. मेंढरांची चित्रं काढती. वाढलं ते खाती, सोताचं वझं सोता उचलती. मी काय हाकलून देऊ?"

आता त्या तिपाईचं सांगितलं पाहिजे. चित्रकार कागद लावायला वापरतात ती तिपाई मी ओळखत होतो, पण गावाने तोवर एकाच प्रकारची तिपाई पाहिली होती, मोजणीवाल्यांची. त्या वर्षी आमच्या डोंगरावर पवनचक्क्या येणार अशी बोलवा होती. कोण कुठली कंपनी, कुणाला पत्ता नव्हता, पण पांढऱ्या शर्टातली माणसं जीपमधून यायची, एक डोळा मिटून डोंगराकडे बघायची, दगडांवर चुन्याची बोटं ओढायची आणि निघून जायची. ज्याच्या बांधावर चुना लागला त्याच्या घरी पंधरा दिवसांत कागद यायचा. डोंगराच्या सोंडेला लागून आमची चार एकर आहे. खालच्या अंगाला काळी, वरच्या अंगाला माळ. वाऱ्याच्या तोंडावरची ती जागा सगळ्यांच्या नजरेत होती. आणि माय म्हणत होती की ती जिवंत असेपर्यंत तिथे ज्वारीशिवाय काही उभं राहणार नाही.

म्हणून मोराबाईला पहिला प्रश्न नाव-गावाचा कुणी विचारलाच नाही. पारावर तिला बसवलं, मला केजला बोलावणं धाडलं आणि सरपंच म्हणाले, "सर, इचारा हिला, कोण्या कंपनीची हाय."

मी विचारलं. ती हसली. म्हणाली, तिच्या आजोबांच्या गावातही हातात कागद-पेन्सिल घेऊन आलेल्या माणसाला हेच विचारायचे. तिकडे जमीनदाराची माणसं नकाशे काढायला यायची आणि मागोमाग लोकांची घरं पाडली जायची. तिचे आजोबा चित्र काढणाऱ्या माणसावर कुत्रं सोडायचे. आणि त्यांची नात चित्रकार निघाली.

हे मी मराठीत सांगितलं तेव्हा दोन-चार म्हातारे हसले. माय हसली नाही. ती पाराच्या खाली उभी राहून मोराबाईकडे बघत होती, आणि मध्येच एकदा माझ्याकडे.

खोटं कशाला बोलू, मलाही बाईचा भरवसा नव्हता. नंतरच्या दिवसांत संध्याकाळी आमच्या आगटीपाशी बसून तिने तिचं सगळं आयुष्य मला सांगितलं आणि मी एकेक गोष्ट ऐकत मनात खूण करत गेलो, हे खरं असेल, हे नसेल. समुद्राकाठच्या ओल्या गावात जन्म. तिकडे दलदलीतली माती विटांसारखी कापतात, वाळवतात आणि चुलीत जाळतात. आमच्या गोवऱ्यांचा धूर नाकात गेला तेव्हा तिने डोळे मिटले आणि म्हणाली, वडिलांची आठवण झाली. हे मी खरं मानलं. सतराव्या वर्षी ती राजधानीत गेली, बिस्किटाच्या कारखान्यात लागली. चित्रकलेच्या शाळेने तिला घेतलं नाही. परीक्षकाने तिचे हात बघितले आणि म्हणाला, हे हात गवत कापायचे आहेत. मग दर रविवारी ती संग्रहालयात जाऊन एकाच चित्रासमोर बसायची, वर्षभर एकच, पुढच्या वर्षी दुसरं. असं तिचं शिक्षण. हे ऐकताना मला बरं वाटलं नाही. मी संभाजीनगरला जाऊन दोन वर्षांचा रीतसर कोर्स केला होता, शाळेच्या भिंतीवर प्रमाणपत्र लावलं होतं, आणि माझी चित्रं अजून तालुक्याच्या बाहेर गेली नव्हती.

पुढे ती गाड्यांमधून हिंडणाऱ्या लोकांत जाऊन राहिली. आपल्याकडे कल्हईवाले असतात तसे, भांडी सांधत गावोगाव फिरणारे. त्यांची चित्रं काढली. पहिलं प्रदर्शन भरलं तर एकही चित्र विकलं गेलं नाही, गावच्या पाद्र्याने म्हणे लोकांना जाऊच नका सांगितलं. त्यानंतर तिचा भाऊ समुद्रात बुडाला. पंचवीस-तीस वर्षं तिने फक्त चेहरे काढले, बहुतेक त्याचेच, पांढऱ्यावर पांढरे, धुक्यातून वर आल्यासारखे. त्यांना डोळे नसायचे. त्याच चेहऱ्यांनी तिला मोठं केलं. मानसन्मान मिळाले, तिच्या चित्राचं टपालाचं तिकीट निघालं. त्या तिकिटाबद्दल ती म्हणाली, "त्यानंतर लोक मला जीभ लावून चिकटवायला लागले." हा विनोद मी भिवाला सांगितला, तेव्हा तो बराच वेळ विचार करत राहिला.

पाण्याच्या टाकीवर चढलं की आमच्या गावात नेटवर्क येतं. मी चढलो. फोनवर तिचं नाव टाकलं. सगळं खरं होतं. मोठमोठ्या पांढऱ्या भिंती, त्यावर बिनडोळ्यांचे चेहरे, समोर सुटाबुटातली माणसं. माझा संशय मिटायला हवा होता, तो वाढला. एवढी मोठी बाई मेंढरांमागे चालत आमच्या शिवारात कशाला येईल? इथं नक्की पाणी मुरतंय, असं मनाशी म्हणत मी टाकीवरून उतरलो.

मग ती गोष्ट घडली. मोराबाईने मला विचारलं, तुझी आई माझ्यासमोर बसेल का?

इथे मला थोडं मागे जायला हवं. मायने माझ्यासमोर कधी चित्राला बसायला होकार दिला नव्हता. कोर्स करत असताना मी सुट्टीत घरी यायचो, चेहऱ्याचा अभ्यास हवा असायचा, मी म्हणायचो, माय, तासभर बस. ती म्हणायची, "नुसतं तोंड काढून भितीला लावत्यात ते मेल्यावर. मला काय आत्ताच पोचवायला निघालास?" आमच्याकडे खरंच तसं आहे. भिंतीवर एकटा चेहरा असेल आणि त्याला हार असेल तर तो माणूस गेलेला. त्यामुळे मी पुढे हट्ट धरला नाही. मी शेजाऱ्यांना काढलं, म्हशीला काढलं, मायची पाठ चार वेळा काढली.

त्या मायला मी मोराबाईचा निरोप सांगितला. मला उत्तर पाठ होतं. माय गोफणीचा पीळ तपासत होती. वर न बघता म्हणाली, "बसते की. कवापसून?"

ती पंचवीस दिवस बसली. ज्वारी निसवून दाणा धरला की भोरड्या पाखरांचे थवे उतरतात, म्हणून माय तशीही दिवसभर बांधावर राखणीला असायची. मांडीवर गोफण, शेजारी खड्यांची ढिगली. पलीकडे मोराबाई तिपाई मांडायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि मी दुपारभर शाळेत असायचो. वर्गात फुलदाणी मांडून मी खिडकीतून बाहेर बघायचो आणि माझ्या मनात एकच चक्र चालायचं. या दोघी एकमेकींना काय सांगत असतील? मायने हिच्यासमोर बसायला एवढ्या तत्परतेने हो का म्हटलं? आणि ही बाई चित्राखाली एखाद्या कागदावर मायचा अंगठा तर घेणार नाही?

हे अंगठ्याचं माझ्या डोक्यात कुठून आलं, ते आता सांगून टाकतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना. मोराबाई यायच्या पंधरा दिवस आधी केजच्या स्टँडमागच्या हॉटेलात पांढऱ्या शर्टातल्या एका माणसाने मला चहा पाजला होता. वरच्या अंगाचा माळ तेवढा द्या म्हणाला, खालची काळी तुमचीच. मी त्याला त्या चार एकरांच्या सातबाऱ्याची झेरॉक्स दिली. नुसती बघायला दिली, असं स्वतःला सांगितलं. माझ्या डोक्यात एक खोली होती, उत्तरेकडे मोठी खिडकी असलेली, जिथे दिवसभर सारखा उजेड येतो आणि माणूस चित्र काढू शकतो. मायची संमती घ्यायची बाकी होती आणि ती कशी घ्यावी ते मला सुचत नव्हतं. त्या सबंध महिन्यात मला वाटत होतं की पणाला लागली आहे ती जमीन. मायचा माझ्यावरचा भरवसा पणाला लागला होता, हे मला दिसत नव्हतं.

तर ते दगड. रोज एकाच जागी बसता यावं म्हणून मोराबाईने पहिल्या दिवशी तिपाईच्या तीन पायांखाली तीन चपटे दगड ठेवले आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका दिला. चित्रकाराची साधी सवय आहे. जागा हातभर सरकली तर नाक वेगळं दिसतं, सावली वेगळी पडते. दुसऱ्या दिवशी ती आली तर ठिपके पुसलेले आणि दगड हातभर पलीकडे, माळाच्या उलट्या बाजूला. तिने पुन्हा ठिपके दिले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ठिपके इतके स्वच्छ पुसलेले की दगडावर राख घासल्याच्या खुणा होत्या.

मोराबाईने मला विचारलं. मी भिवाला विचारलं. तो तडकला. "मेंढरं दगड हलवतील सर, पुसून नीट मांडत न्हाईत. तुमीच बगा कोणाला इथं बसलेलं बघवंना." त्याचा रोख माझ्यावर होता. मला त्याचा संशय, त्याला माझा, आणि मोराबाई आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघून हसायची. तिला कुणाचा संशय होता कुणास ठाऊक. तिने एक केलं, दगड परत जागेवर आणायचं सोडून दिलं. जिथे असतील तिथे तिपाई मांडायची आणि त्या दिवशी जे दिसेल ते कालच्या चित्रावरच काढायची. कालची रेघ पुसायची नाही. मायच्या गालाची कड एकदा इथे, एकदा बोटभर पलीकडे, पदर तीन ठिकाणी, हनुवटी दोनदा. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, बाईचे हात चालत नाहीत आता. मनातून मला बरंही वाटलं.

एके दिवशी मी शाळेतून लवकर निघालो, मोटारसायकल ओढ्यात लावली आणि ज्वारीतून वाकत वाकत बांधाजवळ गेलो. स्वतःच्याच शेतात चोरासारखा. ऊन कलतं होतं, ज्वारीच्या पात्यांवर मध झरावा तसा चिकटा आला होता, तो हाताला लागत होता. कुठेतरी भिवाची बायको मेंढरांना हाळी देत होती. मी ज्वारीची ताटं बाजूला केली. मोराबाई बघायची, कुंचला लावायची, पुन्हा बघायची. माय नुसती बघत होती. भोरड्यांचा थवा उतरला तेव्हा ती ताडकन उठली, गोफण गरगरवून खडा सोडला, तो मोराबाईच्या टोपावरून वीतभर अंतराने सणसणत गेला. मोराबाई हलली नाही. माय परत बसली, त्याच जागी, तशीच मान ताठ, डोळे समोरच्या बाईवर. पापणी लवत नव्हती. माझ्याकडे मायने असं एकटक कधी पाहिलं होतं का, ते मी आठवू लागलो. मला त्या परक्या बाईचा हेवा वाटला. मी आल्या वाटेने परत गेलो आणि नेहमीच्या वेळी हॉर्न वाजवत पुन्हा आलो.

त्याच सुमारास मी माझी चित्रं मोराबाईला दाखवली. पिशवी भरून नेली होती. तिने प्रत्येक चित्र हातात घेऊन नीट पाहिलं, घाई केली नाही. शेवटी म्हणाली, "हात चांगला आहे. पण तुम्ही माणूस समोर येऊन बसायच्या आतच चित्र पूर्ण करता." मला राग आला. मी घरी येऊन बायकोला सांगितलं की बाई जळते माझ्यावर.

संक्रांत झाली, भिवाचा तळ हलला. जायच्या दिवशी मोराबाईने चित्र गुंडाळायच्या आधी आम्हाला दाखवलं. कडा सगळ्या हललेल्या, चेहरा एकाच वेळी चार ठिकाणी असल्यासारखा, पण मध्ये डोळे होते. तिच्या त्या बिनडोळ्यांच्या चेहऱ्यांनंतर पहिल्यांदाच डोळे, आणि ते एकाच जागी घट्ट. ती मला म्हणाली, "सत्तर वर्षांत माझ्याकडे कुणी एवढं पाहिलेलं नाही, हे आईंना सांगा." मी सांगितलं. माय म्हणाली, "इचार तिला, कागुद हाय का कसला? अंगठा लागतुय का?" मी विचारलं. मोराबाईने नकारार्थी मान हलवली. "मग नेऊ दे," माय म्हणाली आणि पदर झटकून उठली.

पवनचक्क्या शेवटी पलीकडच्या डोंगरावर उभ्या राहिल्या. मायने कागदावर अंगठा दिला नाही, मी तिला विचारूही शकलो नाही, आणि पांढऱ्या शर्टवाला माणूस नंतर फोन उचलेना. उत्तरेच्या खिडकीची खोली राहिली. मोराबाई गेल्यावर मी मायला दोनदा म्हटलं, आता बस की माझ्यासमोर, तिच्यासमोर बसलीस तशी. एकदा ती म्हणाली डोळ्यांत कचरा गेलाय, एकदा म्हणाली, म्हशीला बघून येते. तेव्हापासून मी विचारणं सोडून दिलं, पण ती ठसठस राहिली.

आणि आता हे पान. गेल्या रविवारी मी गावी गेलो. माय आता ऐंशीच्या घरात आहे, पण हुरड्याच्या दिवसांत बांधावर येऊन बसल्याशिवाय तिला करमत नाही. आगटी पेटलेली होती. मी तिला सांगितलं, मोराबाई गेली. ती म्हणाली, "चांगली व्हती बिचारी. खडं लई सोसलं तिनं." मग मी पान वाचून दाखवायला लागलो. भारतातून परतल्यावर मोराबाईने पुढची सगळी चित्रं तशीच काढली होती, हललेल्या कडांची, घट्ट डोळ्यांची. लिहिणाऱ्यांनी त्याला तिच्या उत्तरायुष्यातला सर्वांत थोर काळ म्हटलं होतं. काळच जणू चेहऱ्याभोवती सरकतो आहे, असं काहीसं. आणि मायच्या चित्राबद्दल एक मोठं वाक्य होतं, त्याचा अर्थ मी असा सांगितला की या बाईच्या नजरेत शेकडो वर्षांची शांती आणि क्षमा आहे.

माय ऐकत होती. मग तिला हसू फुटलं. तोंडाला पदर लावून ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

"कसली शांती रे दत्ता? मी नजर ठिवून व्हते तिच्यावर. तिपाई घिऊन आली, मला वाटलं झाली मोजणी सुरू. म्हनून तर बसले समोर. म्हनलं, बसून राहू, बगू हिचा हात कुठं जातुय."

"आन् ते दगड?"

"तिनं पांढरं फासलं की मीच सरकवत व्हते. सांजच्याला राख घिऊन जायची, पुसायची आन् माळाकडून हातभर खाली आणायची. म्हनलं मोज आता." तिने कणीस हातावर घेतलं, चोळलं, फुंकर मारली. "तुलाबी कळलं न्हाई व्हय?"

मी हसलो. मला खरंच हसू आलं. त्या पांढऱ्या भिंती, ती सुटाबुटातली माणसं, तो थोर काळ, आणि सगळ्याच्या मुळाशी माझी माय आगटीतली राख घेऊन दगड घासते आहे. मी म्हटलं, "आगं माय, ती फकस्त चित्रं काढत व्हती. ती भिवाच्या मागं आलती. तुला तिचा एवढा संशय आला तरी कावून?"

मायचं हसू थांबलं. ती आगटीकडे बघत म्हणाली, "तिचा कुठं? मला वाटलं तूच आणलंस तिला."

मी हातातला फोन खिशात ठेवला.

"तू केजला त्या मानसासंगं चा पिलतास. सातबाराबी दिलतास. मला चौथ्या दिवशी कळलं. मंग पंधरा दिवसांनी ही बाई आली, आन् तिच्या बोलन्याचं मराठी करायला तूच. तू काय सांगतूस आन् ती काय बोलती, मला काय मालूम?"

सात-आठ वर्षं ती हे घेऊन बसली होती. माझ्या ताटात वाढत होती, माझ्या मुलीच्या परीक्षेला दही-साखर देत होती, आणि हे तिच्यापाशी होतं. मी म्हटलं, मी चुकलो. तिने मान हलवली, चुकलास खरा, अशी. मग मी ते विचारलं, जे इतकी वर्षं सलत होतं. "मंग ती गेल्यावर माझ्यासमोर कावून बसली न्हाईस? मी तर तुझा लेक."

"लेक हाईस म्हनूनच," माय म्हणाली. "तिच्यासमोर बसले, तिला माझ्या तोंडावर काय दिसलं ते तिनं काढलं आन् घिऊन गेली. तिचं काय गेलं? तुझ्यासमोर बसले आस्ते तर तुलाबी तेच दिसलं आस्तं. माय आपल्याकडं अशी बगती, हे लेकानं सोताच्या हातानं कशाला काढावं?"

धूर माझ्याकडे वळला, मी डोळे पुसले, धूर गेला तरी पुसत राहिलो. ज्वारी सळसळत होती. मायने मांडीवरचा भुसा झटकला, जाग्यावर नीट बसली, पदर सारखा केला आणि तोंड माझ्याकडे वळवलं.

"आता काढ," ती म्हणाली. "आता काढलंस तरी चालंल."

खिशात पेन होतं. शाळेचा एक कागद होता, त्याची मागची बाजू कोरी होती. मी गुडघ्यावर कागद धरला आणि सुरुवात केली. आधी बांध काढला. मग बांधामागची ज्वारी काढली, एकेक कणीस, दाण्यासकट. मग तिच्या पदराच्या चुण्या, मग मांडीवरचे हात. हात मला बघावे लागले नाहीत, ते मला पाठ आहेत. कागद वरच्या बाजूला कोरा राहिला होता आणि मी अजून चुण्याच गिरवत होतो.

"वर बघ, दत्ता," माय म्हणाली.